शनिवार, लॅपटॉप आणि शनवार तेली

मागच्या शनिवारी आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर एकानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय मग, वीकेंडला काय केलंस?" मी खरं ते सांगून टाकलं. सकाळी मिसळ. दुपारी दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात छापलेलं ज्यूंचं एक मराठी पुस्तक चाळलं. संध्याकाळी वॉर्सामधलं ज्यूंचं म्युझियम बघितलं. रात्री पांढरा रस्सा. आणि हे सगळं शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर, बर्म्युडा घालून, खाटेवर पाय पसरून.

तीन उत्तरं आली.

"ज्यू? हिटलरनं बरोबर केलं होतं बघ." (पुढे दात काढणारा स्मायली.)

"मोसाद लय भारी पण. आपण पण इस्रायलसारखं घुसून मारायला पाहिजे."

"घरात बसून म्युझियम? इतका रिकामा आहेस तर रंकाळ्यावर ये की."

आता गंमत अशी की पहिली दोन उत्तरं एकाच माणसाची आहेत. मध्ये चार मिनिटांचं अंतर. माणूस हुशार आहे, चांगल्या कंपनीत आर्किटेक्ट आहे, त्याच्या कोडमध्ये असला विरोधाभास सापडला तर तो स्वतःच रिव्ह्यूमध्ये सालटी काढेल. पण हिटलरही भारी आणि इस्रायलही भारी, हे त्याच्या डोक्यात गुण्यागोविंदानं नांदतं. असे लोक माझ्या ऑफिसात निदान डझनभर आहेत. तुमच्याही असतील.

ग्रुपवर भांडायचा कंटाळा आला, म्हणून इथे सविस्तर भांडतो. तिसऱ्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण ते त्यातल्या त्यात निरागस आहे.

मला ही सवय लागली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. शेवटचं वर्ष, व्हायवा ऑनलाईन, कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीचं जॉइनिंग लांबलेलं आणि घरात बसून बसून डोकं भणभणलेलं. तेव्हा जगभरची म्युझियमं बंद होती आणि जमेल ते नेटवर दाखवत होती. मी पहिल्यांदा शिरलो ते अॅमस्टरडॅममधल्या अॅन फ्रँकच्या घरात. डायरी मराठीत वाचलेली होती, त्यामुळे ते पुस्तकांचं फडताळ आणि त्यामागचा दरवाजा कुठे असणार हे माहीत होतं. तरी क्लिक करून ते फडताळ बाजूला झालं तेव्हा पोटात खड्डा पडला.

लोक म्हणतात, "प्रत्यक्ष बघण्यातली मजा नाही." बरोबर आहे, बऱ्याच बाबतीत नाही. पण या एका बाबतीत उलटं आहे. अॅमस्टरडॅमला जाऊन, तिकीट काढून त्या घरात गेलात तर लपायच्या खोल्या रिकाम्या दिसतात. सामान नाझींनी उचलून नेलं होतं आणि अॅनचे वडील ऑटो फ्रँक यांची इच्छा होती की त्या तशाच रिकाम्या राहाव्यात. सामानसुमानासकट, आठ माणसं तिथे कशी कोंबून राहात होती, हे दिसतं ते म्हणजे साईटवरच्या घरात. म्हणजे घरबसल्या पाहणाऱ्याला जे दिसतं ते तिथे रांग लावून गेलेल्याला दिसत नाही. (रांग लावणाऱ्याला जे जाणवतं ते मला जाणवत नाही, हेही मान्य. रिकाम्या खोलीचं ओझं स्क्रीनवर येत नाही.)

दुसरं उदाहरण लंडनचं. तिथल्या ज्यू म्युझियमची कॅम्डनमधली इमारत २०२३ मध्ये कायमची बंद झाली. कारण आपल्याला समजेल असंच होतं, म्हणजे पैसा. इमारत गेली, पण संग्रह राहिला आणि तो नेटवर पाहता येतो. आता "जाऊन बघितलं तरच खरं" म्हणणाऱ्यानं कुठे जायचं?

आणि पासपोर्ट, व्हिसा, विमान, हॉटेल हे सगळं जमल्यावरच संस्कृती बघायची असेल तर ती बघणार कोण? आमच्या पेठेत तरी फार थोडे. असो. हा मुद्दा इतका उघड आहे की त्यावर जास्त शाई घालवत नाही. तसंही घराबाहेर पडून आपण कुठले दिवे लावतो? आमच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा ब्राँझचा छोटा पुतळा आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, थेट पंचगंगेच्या काठावर! मला रंकाळ्यावर बोलावणाऱ्या मित्राला विचारलं, बघितलास का. म्हणाला, टाऊन हॉलला म्युझियम आहे?

आता पहिलं उत्तर.

आपल्याकडे "हिटलर" हे विशेषण आहे. कडक टीम लीड म्हणजे हिटलर, शिस्तीचे सासरे म्हणजे हिटलर. त्याचं आत्मचरित्र रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी सेलोफेनमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं आणि आपली पोरं ते "लीडरशिप"साठी विकत घेतात. २००६ मध्ये नवी मुंबईत "हिटलर्स क्रॉस" नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी निषेध केल्यावर नाव बदलण्यात आलं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पुढे कॉलेजात ही गोष्ट सांगितली तेव्हा बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता: "मुंबईत ज्यू आहेत?"

सगळा घोळ इथे आहे. आपल्या डोक्यातला ज्यू हा इंग्रजी सिनेमातला आहे. काळी टोपी, काळा कोट, कानाशी बटा. तो कुठेतरी लांब युरोपात मारला गेला, त्याचं आपल्याला काय? अगदी कोल्हापुरातसुद्धा हा घोळ आहे. वळिवड्याचा कॅम्प आम्हा सगळ्यांना ऐकून माहीत. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित इथे राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. नंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. पण माझ्या ओळखीतल्या दहातले सात जण छातीठोकपणे सांगतात, "हिटलरपासून पळून आलेले ज्यू होते ते." नव्हते. ते बहुतांश कॅथलिक पोलिश होते आणि त्यांना घरादारातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं ते स्टालिनच्या राज्यानं. पोलंडच्या ज्यूंचं काय झालं ती वेगळी आणि जास्त भीषण कथा आहे. मी वॉर्साच्या पोलिन म्युझियमच्या साईटवर बसतो तो या दोन कथा वेगळ्या करण्यासाठी. हजार वर्षं तिथे ज्यू कसे राहिले, काय खात होते, काय छापत होते, कशावर भांडत होते, हे त्या म्युझियमचं मुख्य काम आहे. नुसतं मरण दाखवत नाहीत, जगणं दाखवतात. त्यामुळेच पुढचं मरण कळतं.

म्हणजे आपल्याकडचे खरे ज्यू आपल्याला माहीत नाहीत आणि जे ज्यू नव्हते त्यांना आपण ज्यू करून ठेवलंय. शाब्बास!

आता ते पुण्याचं पुस्तक.

ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला रात्री जेवणाच्या वेळी जी पोथी वाचतात तिला हागादा म्हणतात. मिसरच्या गुलामीतून सुटका कशी झाली त्याची गोष्ट, प्रार्थना, प्रश्नोत्तरं. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह एक हागादा शिळाप्रेसवर छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यात दुसरी, चित्रांसकट. ही पुण्याची हागादा ज्यूंच्या पुस्तकांचा नाद असलेल्या जगभरच्या लोकांना माहीत आहे. तिची चित्रं नेटवर सहज मिळतात. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. आणि एका चित्रात बायका मात्सा करताहेत, म्हणजे खमीर न घालता करायची ती सणाची पोळी. युरोपातल्या हागादांमध्ये या चित्रात टेबल असतं, झगे घातलेल्या बायका असतात. पुण्याच्या चित्रकारानं काय केलं? बायकांना साड्या नेसवल्या, केस आपल्याकडच्यासारखे बांधले आणि सरळ जमिनीवर बसवलं. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो. श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांचा घाट घातलेला असतो तेव्हा नेमकं हेच दृश्य असतं.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात पसरला. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, कारण शब्बाथ. म्हणून गावोगाव त्यांना नाव पडलं शनवार तेली. आडनावं बघा: केहिमकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर, रोहेकर, राजपूरकर, अष्टमकर. तुमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये यातलं एखादं आडनाव आलं तर तुम्ही मान वर करूनही बघणार नाही. सणांची जुनी मराठी नावंसुद्धा अशी: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. वालाच्या बिरड्यावरून उपासाच्या दिवसाला नाव देणारे लोक कोकणी नाहीत तर कोण आहेत?

मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. ते लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. 'आलम आरा' (१९३१) ज्या नाटकावरून आला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड, आणि 'बूट पॉलिश'मधले (१९५४) जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, दोघेही याच समाजातले. हे सगळं मला कुठे कळलं? शाळेत नाही. कॉलेजात तर नाहीच. माडीवर, लॅपटॉपवर, परक्या देशांच्या साईटींवर.

कीर्तनाचं तर ऐकाच. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी आपल्या कीर्तनकारांचं बघून स्वतःची कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, आणि त्यात पदं, साक्या, दिंड्या, सगळं मराठी. ही परंपरा आता क्षीण झाली आहे, पण जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह आहे, हिब्रू विद्यापीठाचं ज्यू संगीताचं संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी बेने इस्राएली बायकांची मराठी गाणी जपून ठेवली आहेत.

एका शनिवारी असंच एक पद लावलं होतं. आमची आजी (वय ब्याऐंशी, महालक्ष्मीच्या देवळातलं एकही कीर्तन पूर्वी चुकवलं नाही) भाजी निवडत शेजारी बसली होती. मान डोलवायला लागली.

"कोन म्हनतंय रं ह्ये?"

"ज्यू बायका आहेत, आजी."

"म्हंजे कोन?"

"अलिबागकडच्या."

"मग तसं सांग की. ज्यू काय!"

थोड्या वेळानं म्हणाली, "चाल वळखीची हाय. गळा पन चांगलाय. आता कुठं असत्यात ह्या?"

"इस्रायलला गेल्या."

"का? कुनी हाकललं व्हय?"

"नाही गं. कुणी नाही हाकललं."

"मग?"

या "मग?"ला मला नीट उत्तर देता आलं नाही. नवा देश झाला, धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची काळजी होती, असं काहीबाही सांगितलं. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास होते, आता काही हजार उरलेत. आजीनं मेथीची जुडी संपवली आणि म्हणाली, "लांब गेल्या बाया."

आपण नेहमी अभिमानानं सांगतो की भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या हातून झाला नाही, हे खरंच आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या माणसाला त्रास दिला नाही, आणि तो उठून गेल्यावर त्याचं नाव काय होतं हेही आठवत नाही, याचा अभिमान कसला? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या चौकात फटाके वाजले, मीही स्टेटस टाकलं. पण कुणाची मराठी अभिजात? क्रिस्तपुराणामुळे फादर स्टीफन्स निदान वाङ्मयाच्या इतिहासात आले. ज्यूंची मराठी, तिची भाषांतरं, कीर्तनं, मासिकं, हे माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मीळ मराठी ग्रंथ स्कॅन करून नेटवर ठेवले, हे फार चांगलं काम आहे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक. पण आपल्या भाषेतला हा एक आख्खा कप्पा बघायला मला जेरुसलेमचं दार वाजवावं लागतं, ही गोष्ट मला टोचते.

आणि तिथे तरी सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहाच्या साईटवर (नाव मुद्दाम देत नाही) मराठी मजकुराच्या दोन पानांवर भाषा लिहिली होती "हिंदी". देवनागरी दिसली की हिंदी! सर्चमध्ये देवनागरीत "कीर्तन" टाकलं तर शून्य निकाल, आणि रोमन लिपीत टाकलं तर स्पेलिंगप्रमाणे दर वेळी वेगळे. ही काही कुणाची दुष्टाई नाही. ज्याला आम्ही मेटाडेटा म्हणतो तो भरणाऱ्याला मराठी येत नाही, एवढंच. मराठी येणारे दहा कोटींच्या आसपास लोक आहेत आणि त्यातला कुणी तिकडे फिरकत नाही, मग चूक सांगणार कोण? मी मेल टाकली. पंधरा दिवसांनी आभाराचं उत्तर आलं आणि एका नोंदीत "मराठी" झालं. प्रॉडक्शनमधला बग फिक्स झाल्याचा आनंद मला गेल्या वर्षभरात ऑफिसात एवढा झाला नव्हता.

म्हणून घरबसल्या बघण्याला टाइमपास म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ही पानं ज्यांना वाचता येतात ते लोक कोल्हापूर, सातारा, पनवेल, पेण इथे बसलेत. ती पानं आहेत जेरुसलेम आणि अमेरिकेत. दोघांची गाठ पडायची तर ती स्क्रीनवरच पडणार. कुणी पेणकर आजीबाई बीरशेबाहून विमानानं येऊन तुम्हाला पोथी वाचून दाखवणार नाहीत.

राहिला मोसादवाला. त्याला वाटतं हे सगळं इस्रायलचं कौतुक चाललंय. दुसऱ्या एका ग्रुपवर, २०२३ च्या ऑक्टोबरनंतर, "ज्यू" शब्द उच्चारला तरी लोक मला गाझावर माझं काय मत आहे ते विचारायला लागले. भल्या माणसांनो, त्या युद्धावर तुमचं जे मत असेल ते ठेवा, त्यावर जरूर बोला. पण १८७४ मध्ये पुण्यात पोथी छापणाऱ्यांना त्या खटल्यात साक्षीला का बोलावता? तेव्हा इस्रायल नावाचा देशच नव्हता. आणि कौतुकच करायचं तर हेही माहीत असू द्या की याच बेने इस्राएलांना इस्रायलमध्ये गेल्यावर "तुम्ही अस्सल ज्यू आहात का" म्हणून तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत अडवलं होतं. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तो प्रश्न सुटला. इथे ते शनवार तेली आणि तिथे "हे इंडियन". तरी त्यांनी तिथे "मायबोली" नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. आपण इथे राहून आपल्या पोरांना मराठी शाळेत घालायला लाजतो, हे जाता जाता.

मोसादवाल्यानं खरं तर मोसाद सोडावी आणि त्या पुण्याच्या पोथीतलं मात्साचं चित्र बघावं. मी त्याच रात्री ग्रुपवर ते टाकलं. वर काही लिहिलं नाही, नुसतं चित्र. बराच वेळ शांतता. मग रंकाळ्यावाल्यानं लिहिलं, "ही कडेची आमच्या आज्जीसारखी बसलीय की रे." मग विचारलं, हे कुठलं? म्हटलं, पुणे, १८७४, ज्यू. म्हणाला, "लिंक दे."

हिटलरवाल्यानं अजून काही लिहिलेलं नाही. निळी टिक मात्र दिसतेय.

आणि त्या साईटवरच्या दुसऱ्या नोंदीत अजून "हिंदी"च आहे. आज शनिवार आहे, दुसरी मेल टाकतोय.